पपईचा झोपलेला चीक

अमरावतीला उतरणारे पाहुणे बहुतेक चिखलदऱ्याला जातात. मी गेले होते पपईच्या चिकासाठी. हे सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे बघतो आणि मग हवापाण्याविषयी बोलू लागतो. म्हणून सगळं लिहूनच काढायचं ठरवलं.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. स्वभावाने काळजीखोर आहे. कुलूप लावल्यावर ओढून बघणारे पुष्कळ असतात, मी जिना उतरून पुन्हा वर येऊन बघते. अशा बाईने पीएचडीसाठी जो विषय घेतला तो असा की त्यात क्षणाची चूक चालत नाही. पपईच्या चिकात मांस मऊ करणारं एक एन्झाइम असतं. प्रथिनांच्या साखळ्या कापणं हे त्याचं काम. पण झाड ते तयार करतं तेव्हा कापायच्या अवस्थेत करत नाही. त्याच्या रेणूचे दोन भाग आणि मधे एक खाच, कापणं सगळं त्या खाचेत चालतं. जन्मतः मात्र त्याला एक जास्तीची साखळी जोडलेली असते. ती त्या खाचेतूनच जाते, तीही उलट्या दिशेने, म्हणजे खाचेला ती धरता येते पण कापता येत नाही. अडकित्त्याच्या पात्यांमध्ये फडक्याची घडी घालून ठेवावी तसं हे आहे. याला मी घरच्यांसाठी 'झोपलेलं एन्झाइम' म्हणते.

फळाला जखम झाली, चीक बाहेर आला, की ती साखळी सैल होते आणि तुटते. एक रेणू जागा झाला की तो शेजाऱ्याची साखळी कापून त्याला उठवतो. मिनिटा-दोन मिनिटांत सगळं घर जागं. औषध घालून हे रोखता येतं, पण औषधाने रोखलेलं पुन्हा उठत नाही आणि मला ते उठतानाच बघायचं होतं. त्यावर उपाय एकच, जखमेतून पहिले थेंब आले की तिथल्या तिथे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचे. पुण्याकडचे बागायतदार फळाला ओरखडा काढू देत नाहीत, डागी फळ बाजारात कोण घेणार? वऱ्हाडात मात्र कापसाने दगा दिला म्हणून काहींनी पपई लावली होती आणि एक व्यापारी त्यांच्याकडून वाळलेला चीक नेत असे. चीक काढायचा सराव असलेले हात तिकडेच होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "या उन्हाळ्यात नमुना आणा, नाहीतर विषय बदला." माझी मुदत संपत आली होती. चाळिशी उलटल्यावर विषय बदलायचा म्हणजे पीएचडी सोडायचीच.

अमरावती

अमरावतीत माझी हॉस्टेलची मैत्रीण सुनंदा शाळेत शिकवते. तिच्याकडे उतरले. तिने पहिल्याच संध्याकाळी गिला वडा खायला नेलं. दह्यात भिजलेला तो वडा पुण्याच्या दहीवड्यापेक्षा अंगाने मोठा आणि तिखटाने उद्धट. माझं लक्ष खाण्यात नव्हतं. द्रवरूप नायट्रोजन या गावात कुठे मिळणार, हा घोर लागला होता.

"अगं, आमच्या शेजारी गजाननभाऊ आहेत की," सुनंदा म्हणाली. "गाईम्हशींचे."

गजाननभाऊ जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करत. वळूचं वीर्य गोठवून ठेवायला त्यांच्याकडे नायट्रोजन असतोच, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. त्यांनी घासून पांढरा पडलेला एक जुना ॲल्युमिनियमचा कॅन भरून दिला. लांब मान, वर सैल बूच, बुचाभोवती सतत पांढरी वाफ.

"हे बूच गच्च नका लावू वो मॅडम, नाहीतं कॅन फुटते. लाकडी पट्टी आत घाला, बाहेर काढून हलवा. जेवढ्यावर बर्फ जमते तेवढा माल हाय समजा. आन् दिवसागनिक उडून जाऊन रायलाच समजा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. त्यानंतर त्या पट्टीने मला जेवू दिलं नाही की झोपू दिलं नाही.

भातकुली

सुनंदाने भातकुलीजवळ एक पपईची बाग ठरवून ठेवली होती. एसटीत मी कॅन दोन्ही पायांत धरून बसले. वाफ पाहून कंडक्टरने विचारलं, "काहून धूर निघून रायला?" पुण्याच्या कानाला तो प्रश्न दटावल्यासारखा वाटला. मी घाईघाईने रसायनशास्त्र समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आसं सांगा ना मंग, थंडं हाय." आणि खिडकीजवळची जागा दिली. दोन-तीन दिवसांत कळलं की इथे प्रश्न थेट येतो आणि त्याच्या मागोमाग मदतही तितकीच थेट येते. आमच्याकडे दोन्हींना वळसा असतो.

स्टँडवर उतरून पायी निघाले तर मागून एक गृहस्थ गाय ओढत आले. त्यांच्या मागे आणखी एक बाई, तिच्याही हातात दावं.

"मॅडम, कालपासून हंबरून रायली. बरं झालं तुमी आल्या. पयले माह्या गाईचं करून द्या."

कॅन पाहून सगळ्या गावाची समजूत झाली होती की मी गजाननभाऊंच्या खात्यातली आहे. मी म्हटलं, "अहो, मी पपईसाठी आलेय."

गृहस्थांनी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पपईले बी लावता का आता?"

हसावं की रडावं कळेना. सुनंदाला फोन करून गजाननभाऊंना निरोप पोचवला तेव्हा कुठे दावी सैल पडली. एरवी मला हा प्रसंग वर्षभर पुरला असता, पण तेव्हा उन्हात उभं राहून मी मनात फक्त नायट्रोजन मोजत होते.

बागेपाशी पोचले तर बाग नव्हती. काळ्या रानात आडव्या पडलेल्या पोकळ खोडांचे तुकडे वाळत होते. मालक अवघडून म्हणाले, "मागच्या आठवड्यात काढली जी. खारपान पट्टा हाय हा. विहिरीचं पानी खारं, तोंडात घेववत नाही, पपई कशी पेईन? व्यापारीही येनं बंद झाला." मला दारातून तशीच परत पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं. ज्वारीची भाकर, ठेचा, वर तेलाची धार असं जेवू घातलं. मी भाकरी मोडत होते. आता सरांना काय सांगायचं?

आचवताना त्यांनीच मार्ग दाखवला. "अकोल्याचे रशीदभाई हायेत, जुन्या शहरात पत्र्याच्या पेट्या बनवतात. त्यायची बाग पातूरच्या रस्त्यानं, गोड्या पान्यात हाय. त्यायची बायको चीक काढते. पन लौकर जा, ते बी काढनार म्हनत होते."

अकोला, जुने शहर

मोर्णेच्या पुलावरून रिक्षा जुन्या शहरात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. बोळ इतके अरुंद की समोरून सायकल आली तरी एकाने थांबावं. रशीदभाईंचं दुकान डोळ्यांआधी कानांना सापडलं, पत्र्यावर लाकडी हातोडा पडत होता. त्यांनी भातकुलीचं नाव ऐकलं, कॅनकडे पाहिलं आणि आत आवाज दिला, "नजमा, मेहमान आए हैं, चाय रखो." मी का आले हे त्यांनी चहा संपेपर्यंत विचारलं नाही. वऱ्हाडात भेटलेले असे ते पहिलेच.

नजमाआपा माझ्याच वयाच्या असाव्यात. नवऱ्याशी हिंदीत आणि माझ्याशी वऱ्हाडीत बोलत होत्या, दोन्हींत सारख्याच भरभर. कप देताना त्यांची बोटं दिसली. चिकाने टोकांची कातडी सोलून गुळगुळीत झाली होती, लाल आणि चकचकीत. मी बघतेय हे त्यांना कळलं.

"खाते तो हाताले. खोबऱ्याचं तेल लावलं तरी खाते. मंग मले सांगा मॅडम, आमची बोटं खाते, किमा खाते, मंग झाडाले काहून नाही खात?"

मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. हाच प्रश्न घेऊन मी एवढी धावाधाव करत होते आणि आजवर तो मला कुणी आपणहून विचारला नव्हता. मी फडक्याची घडी आणि अडकित्ता सगळं सांगितलं. "म्हनजे झाडात असते तवा झोपेत असते," त्या म्हणाल्या. रशीदभाई मात्र हातोडा बाजूला ठेवून म्हणाले, "तेरवा ट्रॅक्टर सांगितला हाय मॅडम. पानं आकसून गेली, रोग पडला. कापसाची पराटीच लावनार पुन्हा." हातात दोनच सकाळी होत्या.

रात्रीच्या जेवणात कच्ची पपई लावलेला किमा होता. जिभेवर ठेवला की विरत होता. मी तो जागा झालेल्या एन्झाइमची करामत म्हणून कौतुकाने खाल्ला आणि दोनदा उठून पट्टीने नायट्रोजन पाहिला.

बागेतली पहिली सकाळ

पपईचा चीक ऊन चढायच्या आत काढतात. नजमाआपांनी काठीच्या टोकाला ब्लेडचा तुकडा बांधला होता. हिरव्या फळावर वरून खाली हलकी रेघ ओढायची. खोल गेली तर फळ सडतं. खोडाभोवती रशीदभाईंनी बनवलेलं पत्र्याचं गोल ताट बसवलेलं, त्यात चीक पडतो. मी कॅन बांधावरच्या कडुलिंबाखाली, सावलीत ठेवला आणि तिथून हलले नाही. नजमाआपा रेघ ओढत, काचेच्या छोट्या नळीत चीक धरत आणि लगबगीने आणून देत. मी नळी बुडवे. फस्स आवाज होई, वाफ उसळे. रोगाने चुरमडलेल्या पानांखालून त्या ये-जा करत होत्या आणि मला हळूहळू धीर येत होता.

घरी आल्यावर पडताळणी केली. ती सोपी असते. थंड दुधात चिकाचा थेंब टाकायचा. एन्झाइम जागं असेल तर दूध बघता बघता फाटतं, झोपलेलं असेल तर बराच वेळ दूध दूधच राहतं. नजमाआपांनी चहाच्या दुधातून अर्धी वाटी दिली. एक नळी उघडली, थेंब टाकला. दूध फाटलं. दुसरी उघडली, तेही फाटलं. प्रत्येक झाडाच्या नळीची गत तीच झाली. वाटीच्या कडेला पांढऱ्या गाठी आणि खाली निळसर पाणी.

नायट्रोजन कमी पडला? नळ्या गरम होत्या? की रोगट झाडात हे एन्झाइम झोपतच नाही? डोक्यात प्रश्नांची माळ लागली आणि प्रत्येकाचं उत्तर एकच होतं, आता फक्त उद्याची सकाळ. नजमाआपा वाटीत वाकून बघत होत्या. "पनीर झालं हो," त्या हळूच म्हणाल्या. मी ओढणीत तोंड लपवून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

बागेतली शेवटची सकाळ

पट्टीवरचा बर्फ आता बोटभर उरला होता. कडुलिंबापर्यंतची ये-जा परवडणार नव्हती, म्हणून मी कॅन उचलून थेट झाडाशी आणला. आणि त्यामुळेच जे काल दिसलं नव्हतं ते दिसलं.

नजमाआपांनी बिस्मिल्ला म्हटलं, फळावर रेघ ओढली, आणि ताट कोपराने बाजूला सारलं. पांढरी धार सरळ मातीत गेली. ती मंदावल्यावर त्यांनी ताट जागेवर आणलं, थोडा वेळ थांबून नळी धरली आणि माझ्याकडे वळल्या.

"आपा! ते काय केलंत?" मी किंचाळलेच.

त्या दचकल्या. "काय केलं? पयली धार जमिनीची. माही सासू बकरी दोवताना पयली धार जमिनीले सोडे. मी पपईले बी तसंच करतो. तिचा वाटा हाय तो."

मला हवे होते ते थेंब तेच. काल सकाळभर त्यांनी ते मातीला दिले होते, आणि मला मागाहून आलेला, जागा झालेला चीक मिळाला होता. त्यांच्या दृष्टीने त्यांनी जमिनीचा वाटा काढून मग मला चांगलाच चीक दिला होता. मी एका दमात सगळं सांगितलं. आपा, झोपलेलं फक्त त्या पहिल्या धारेत असतं, तेवढं मला द्या.

त्यांनी काठी जमिनीला टेकवली. रशीदभाई बांधावरून म्हणाले, "दे दो ना. कल तो बाग जा रही है."

"म्हनूनच तं," नजमाआपा माझ्याकडे बघून म्हणाल्या. "एवढी वर्सं तिनं झाडं उभी ठेवली. आज शेवटच्या दिवशी तिले उपाशी ठेवू?"

बाग त्यांची होती, ती जाणार होती आणि दुःख करायला त्यांच्याकडे एवढी एकच धार उरली होती. दुसरीकडे बुचातून वाफ जात होती आणि माझ्या सगळ्या वर्षांचं काम त्या वाफेबरोबर चाललं होतं. मला दोन्हींचं वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर स्वतःचं जास्त.

त्यांनी हातातल्या नळीकडे पाहत विचारलं, "ह्या नळ्या तुमी तिकडं उघडसान ना?"

"हो."

"मंग उघडल्याबरोबर पयला थेंब जमिनीले देसान का? तुमच्या तिकडची असली तरी जमीनच हाय."

"देईन," मी म्हटलं.

"कबूल?"

"कबूल."

त्यांनी काठी घट्ट धरली. पुढच्या झाडापाशी मी कॅन आणि नळी घेऊन गुडघ्यांवर बसले. बिस्मिल्ला, रेघ, आणि पहिला थेंब फळावरून सुटला तो मी नळीत झेलला आणि त्याच हाताने बुडवला. हाताची कातडी गारठ्याने भाजून निघाली. एकामागून एक झाडं झाली. उन्हाची तिरीप आल्यावर नजमाआपा थांबल्या आणि आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्यांनी शेवटच्या खोडाशी ओतलं. दूध तपासायला नळ्या जास्तीच्या नव्हत्या आणि नायट्रोजनही नव्हता. जे होतं ते घेऊन निघायचं होतं.

निरोप घेताना मी विचारलं, उद्या ट्रॅक्टर येईल तेव्हा तुम्ही इथे असाल? "नाही," त्या म्हणाल्या. "मी घरी दुकानात बसीन. त्यायचा हातोडा वाजला की बाकी काही आयकू येत नाही." मग मागून हाक मारून म्हणाल्या, "जमिनीचं तेवढं देजा बरं."

पुणे

परतीच्या प्रवासाचं काही आठवत नाही. वाटेत गजाननभाऊंच्या ओळखीतल्या एकाने कॅनमध्ये थोडा नायट्रोजन घालून दिला, एवढं आठवतं. प्रयोगशाळेत पोचले तेव्हा सर आलेले नव्हते. मी एकच नळी काढली. तीत मोजके थेंब होते. तळहाताच्या उबेने कडा पाघळू लागल्या.

आमच्या खिडकीत कोरफडीची एक कुंडी आहे, वर्षानुवर्षं कुणी पाणी न घातलेली. मी तिच्यापाशी उभी राहिले. मुदत संपत आलेली, नमुना एवढासा, आणि मी त्यातला थेंब मातीत घालायला निघालेली. सरांनी पाहिलं असतं तर माझी नोंदणी तिथल्या तिथे रद्द केली असती. पण शब्द दिला होता, आणि तो जिला दिला तिची झाडं आतापर्यंत आडवी झाली असणार होती. पहिला थेंब मी कुंडीत सोडला.

दुसरा दुधात टाकला आणि वाटी हातात धरून स्टुलावर बसले. झाडूवाल्या मावशी येऊन खोली झाडून गेल्या. बाहेर रहदारी वाढली. दूध दूधच होतं. मी वाटी तिरकी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा पाहिली. गाठ नव्हती. त्या नळीत एन्झाइम झोपलेलं होतं आणि आता ते कसं उठतं हे मला बघता येणार होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचा दगड उतरला.

मी अकोल्याला फोन लावला. पलीकडे पत्र्यावर हातोडा पडत होता. "आपा, दूध फाटलं नाही!" मी ओरडले. "झोपलेलंच आलं!"

हातोडा थांबला. त्यांनी दुधाचं काही विचारलं नाही.

"आन् जमिनीचं?"

"पहिलं तेच दिलं."

नजमाआपा नाक ओढत म्हणाल्या, "मंग तिले कळलं असंन, की आमीच पाठवलं."